सातव्या दारावरची पडकई

आमच्या वाडीत कोणी एखादी गोष्ट एकटीनं करून दाखवावी, मी तिच्या पाया पडेन. पाण्याला निघालं की चार जणी मागं. घोडेगावच्या गाडीची वाट बघत उभं राहिलं की दोघी विचारणार, "कुठं चाललीस गं, आमी पन येतो." ताप आला तर उशाशी अख्खी आळी. निवांत कण्हायचीसुद्धा सोय नाही. बरं, चिडावं तर कोणावर? सगळी मायेनंच येतात. त्याचाच तर जास्त राग येतो.

म्हणून मला 'नागदुर्ग' जीव की प्राण. मोबाइलवरचा गेम आहे. आपला एक लढवय्या घडवायचा, त्याला नाव द्यायचं, शस्त्रं मिळवायची आणि किल्ल्याची सात दारं एकेक करून उघडायची. गेम हिंदीतून बोलतो. सुरुवातीलाच विचारतो, 'अकेले' की 'टोली'? मी डोळे झाकून 'अकेले' दाबलं. माझ्या लढवय्यीचं नाव रानजाई. दोन वर्षांत तिनं सहा दारं उघडली, ती पण कोणाच्या बापाची मदत न घेता. सहा दारं एकट्यानं उघडली की नावापुढं 'एकलवीर' लागतं आणि किल्ल्याच्या पायथ्याच्या कातळावर आपलं नाव कोरलेलं दिसतं. देशभरातून कोणी आलं तरी ते नाव बघूनच वर चढतं. मी रोज कामावर जायच्या आधी एकदा तो कातळ बघून यायचे. घोडेगावात झेरॉक्सच्या दुकानात मी लोकांचे ऑनलाइन अर्ज भरते, तिथं मला 'अगं ए' म्हणतात. कातळावर मी 'एकलवीर रानजाई' होते.

सातवं दार मात्र दिवाळीपासून उघडत नव्हतं. वरून एक अवजड शिळा खाली येते, ती टेकायच्या आत पलीकडं सटकायचं. रानजाई दरवेळी मधेच चपटी. पण ते मी कोणाला सांगितलं नव्हतं, आणि तुम्हीही सांगू नका.

गेमचा एकच नियम आडमुठा. 'अकेले'मधून 'टोली'त कधीही जाता येतं, पण गेलं की परतीची वाट बंद. एकलवीर पुसलं जातं, कातळावरचं नावही जातं. मला काय फरक पडतो, मी कशाला मरायला टोळीत जातेय, असं मी म्हणायचे. मोठ्या तोंडानं म्हणायचे.

आता पडकईचं सांगते. आमच्याकडं डोंगराच्या उतारावर भाताची खाचरं असतात. उताराला दगडाचा बांध घालायचा, आत माती ओढायची, हे काम एका घराच्यानं होत नाही. मग उन्हाळ्यात दहा-बारा घरं एकत्र येतात. आज तुझ्या बांधावर, उद्या माझ्या. पैशाचा संबंध नाही. ज्यानं तुमच्याकडं एक दिवस घातला, त्याच्याकडं तुम्ही एक दिवस घालायचा. ज्याच्या घरचं काम, त्यानं सगळ्यांना जेवू घालायचं. झालं. आणि जो दुसऱ्याचा दिवस बुडवील त्याला पुढं पडकईत घेत नाहीत. मग बस एकटाच दगड ओढत.

यंदा आमचा बांध झाला. शेजारच्या प्रयागकाकींनी आमच्याकडं राबून दिवस घातला. त्यांचा दिवस फेडायची वेळ आली तेव्हा आबा हिरडा गोळा करायला रानात, भाऊ मोहितदादा नाशिकला, आणि आईचा हात मुरगळून गळ्यात. म्हणजे राहिलं कोण? हीच ती. मी कुरकुरत का होईना, रविवारसाठी कुदळीला नवा दांडा ठोकून ठेवला होता.

शनिवारी सकाळी काकी अंगणात आल्या आणि म्हणाल्या, "नूतन, कुदळ राहू दे. मला तुझा दिवस त्या गेमात पायजे."

मला वाटलं, ऊन लागलं म्हातारीला.

"आमच्या ऋषीसाठी," काकी म्हणाल्या, आणि खाली बसल्या.

ऋषी म्हणजे त्यांचा धाकटा. चाकणला कंपनीत आहे. गाडी घसरून पाय मोडला, प्लास्टरमध्ये खोलीवर पडून होता. घरी आणावं म्हटलं तर डॉक्टर म्हणाले, तुमच्या रस्त्यानं नेला तर बसवलेला पाय परत मोडेल. डॉक्टरनं आमचा रस्ता बघितलेला दिसतो. काकी जाऊन राहून आल्या, पण इकडं शेरडं कोणाच्या भरवशावर सोडणार? खोलीतली बाकीची पोरं शिफ्टला गेली की हा दिवसभर एकटा छताकडं बघत.

"फोन केला की निस्तं हां, हूं करतंय," काकी म्हणाल्या. "पयलं किती बोलायचं! त्याला इचारलं, बाबा तुझं दुखतंय काय? तर म्हनला, आमच्या टोळीतला एक जन सोडून गेला, चार असल्याबिगर सातवं दार उघडत न्हाई, आता त्ये पन राहिलं. म्हनलं, हात्तिच्या! एका मान्साचंच काम अडलंय ना? ह्यो गेम नूतन बी खेळती, आन माझा तिच्याकडं एक दिवस हायच की."

मी हसले. हसण्यासारखंच होतं. पण काकी हसत नव्हत्या.

"काकी, ते गेममधलं काम वेगळं. ते पडकईत धरत नाहीत."

"का न्हाई धरत?"

आता बोला! काय सांगणार? मी टोळीत गेले तर माझं कातळावरचं नाव जातं, असं म्हटलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, परत लिहू की, कोळशानं. मी नुसतीच फणफणले. "तुमच्या बांधावर दोन दिवस येते, पण हे नाही."

"बांध मला पुढल्या साली घालता यील," काकी म्हणाल्या. "पोरगं आत्ता आडवं हाय."

मी तरातरा गेणभाऊंकडं गेले. पडकईत कोणाचा दिवस कधी, हे गेणभाऊ ठरवतात. सगळी वाडी त्यांना बाबा म्हणते. आंब्याखाली बसून ते दोरी वळत होते. माझ्या मागोमाग काकी आल्या, काकींच्या मागोमाग आई, आणि आईच्या मागं हौशीराम आणि साळुबाई, कारण आमच्याकडं कोणी तरातरा चाललं की मागं जायची पद्धतच आहे.

"बाबा, तुम्हीच सांगा," मी म्हटलं, "फोनवर बसून खेळणं ही काय पडकई झाली?"

बाबांनी दोरी बाजूला ठेवली. "त्यात अंग दुखतं का?"

"अंगठा दुखतो."

"घाम येतो?"

"राग आला की येतो."

"मग तुला लईच येत आसंल," हौशीराम मधेच म्हणाला. त्याला कोणी विचारलं होतं का?

"मानूस एकट्याचं काम न्हाई म्हून दुसऱ्याला बोलावतं, आसं हाय का त्यात?" बाबांनी पुढं विचारलं.

मी म्हटलं, "आहे, पण एकट्यानंही खेळता येतं. मी एकटीच खेळते. तसं जास्त मानाचं असतं."

"मानाचं कसं?"

"कोणाची मदत लागत नाही म्हणून."

आंब्याखालची सगळी मंडळी एकमेकांकडं बघायला लागली. साळुबाईंनी तर माझ्या आईकडं अशा नजरेनं बघितलं की जणू पोरीला काही बाधलंय.

बाबा म्हणाले, "हे बघ. गेल्या साली ह्या हौशीरामनं त्याचा दिवस बांधावर न्हाई घेतला, सासूला डोलीत घालून दवाखान्यात न्यायला घेतला. साळुबाईनं तिचा दिवस हरवलेली म्हस हुडकायला लावला. आमी समदे रान पालथं घालत फिरलो, आन म्हस गोठ्यामागंच उभी. तरी दिवस धरला का न्हाई? काम कुठलं, त्ये घेनारा ठरवतो. देनाऱ्यानं फकस्त यायचं."

"पण बाबा..."

"तुला जायाचं नसंल तर नको जाऊ. मग तुमच्या घराचा दिवस बुडाला म्हनायचं."

आईचा चेहरा पडला. वाडीत आमच्या घराचा दिवस आजवर बुडाला नव्हता. हात गळ्यात असलेली ती बाई हळूच म्हणाली, "नूतन, मला शिकीव. मी जाते तुझ्याबदली. एक हात चालतोय की."

झालं. संपलं. अशा आईपुढं कोण टिकणार? माझं डोकं इतकं सटकलं की घरी येऊन मी तो नवा दांडा काढला आणि परत ठोकला.

रविवारी सकाळी कामं आवरून मी देवीच्या टेपावर, वाडीजवळच्या टेकाडावर गेले. वाडीत नीट नेटवर्क फक्त तिथल्या मोठ्या खडकावर येतं. खाली डिंभ्याच्या धरणाचं पाणी आटून काठाला तांबडी माती उघडी पडली होती. काकी माझ्याआधीच येऊन बसलेल्या, शेजारी फडक्यात बांधलेली भाकरी. काम त्यांचं, म्हणजे जेवण त्यांचं.

मी गेम उघडला. आधी कातळापाशी गेले. नाव नीट बघून घेतलं. काकी डोकावल्या, "ह्यो कसला धोंडा?"

"काही नाही. असाच."

मग 'टोली'वर बोट ठेवलं. गेमनं विचारलं, नक्की? मी हो म्हटलं. परत विचारलं, वापस नहीं आ सकोगे, नक्की? मेल्याला दोनदोनदा विचारायची काय हौस होती कुणास ठाऊक. मी दाबलं. कातळावरची अक्षरं वाळूसारखी झडली आणि दगड कोरा झाला. मी ओढणीनं डोळे पुसले, खोटं कशाला बोलू. एका फोनमधल्या दगडासाठी रडायला येतं हे मला माहीत नव्हतं.

टोळीत तिघं होते. ऋषी, त्याच्या कंपनीतला शाहनवाज, आणि शाहनवाजची बहीण कौसर. ती दोघं जुन्नरला आपल्या घरून खेळत होती.

"नूतन?" ऋषीचा आवाज आला. "तू आलीस?"

"पडकईला आलेय," मी म्हटलं. "गप खेळ."

गप कसला खेळतोय! इतका रद्दी खेळणारा मी जन्मात बघितला नाही. डावीकडं जा म्हटलं की उजवीकडं. ढाल वर म्हटलं की तलवार. पहिल्याच वळणावर नागाच्या तोंडात पाय देऊन उभा. मी ओरडले, "अरे, खऱ्यात एक पाय मोडलाय ना, इथं तरी सांभाळ की!" शाहनवाज खो खो हसला आणि हसता हसता स्वतःच विहिरीत पडला. त्याला वर काढता काढता माझे सगळे बाण संपले. कौसर तेवढी शहाणी. मोजकं बोलायची, नेमका वार करायची. तिची आणि माझी जोडी असती तर... असं माझ्या मनात आलं आणि मी ते लगेच हाकललं.

काकी माझ्या खांद्याला खेटून बसल्या होत्या. त्यांना कोण आपला, कोण परका, काही कळत नव्हतं, पण जो पडेल त्याच्यासाठी त्या हळहळत होत्या. दोनदा राक्षसासाठीपण हळहळल्या.

"काकी, तो शत्रू आहे."

"आसू दे की. लागलं किती त्याला!"

सातव्या दारापाशी आलो. वर ती शिळा, माझी जुनी वैरीण. टोळीत गेल्यावर मात्र एक नवी गोष्ट दिसली. दाराच्या बाजूला एक खाच होती. कोणीतरी एकानं तिथं उभं राहून शिळा खांद्यावर पेलायची, म्हणजे बाकीचे आत जाऊ शकतात. पेलणाऱ्यानं बाहेरच राहायचं. त्याला आतलं काही दिसत नाही, काही मिळत नाही.

"मी धरतो यार," शाहनवाज म्हणाला, आणि तीन सेकंदांत चपटा झाला. कौसरनं धरून बघितलं. तीही चपटी. दोघं पहिल्या पायरीवरून परत आली. सहा दारं एकट्यानं उघडलेल्या लढवय्याइतकं बळ लागत होतं त्याला. तसं बळ टोळीत एकीकडंच होतं.

मी कपाळावर हात मारला. म्हणजे बघा, किताब गेला, नाव गेलं, आणि ज्या दारासाठी दिवाळीपासून डोकं फोडलं ते उघडल्यावर मी बाहेर! पण दिवस तर ऋषीचा होता. पडकईत बांध ज्याचा, भात त्याचा.

"जा रे आत," मी ओरडले. "पळ! उजवीकडं नको, सरळ!"

रानजाईनं शिळा पेलली. तिचे गुडघे वाकले, पडदा लाल झाला, पण टिकली. कौसर गेली, शाहनवाज गेला. आणि ऋषी लंगडत, आपटत, एकदा तर उलट्या दिशेनं जाऊन, शेवटी आत गेला.

एवढा वेळ फोनमध्ये नुसता गलका होता. त्यातून ऋषी एकदम म्हणाला, "आयला."

"काय आहे आत?" मी विचारलं.

"नूतन, आत तळं आहे. हिरवंगार. आणि वर छतच नाही, आभाळ आहे, त्यात दिवसाच चांदण्या. आणि तळ्याच्या मधोमध एक झाड, त्याला फळं नाहीत, दिवे आहेत, अगं दिवे! खाली मासे पण त्या दिव्यांचेच. थांब, एक मासा माझ्याकडं आला. अगं, हा बोलतोय..."

आणि तो सुटला. थांबेचना. मासा काय म्हणाला, झाडाची साल कशी होती, पाण्यात पाय घातला की पाऊल कसं उजळतं. माझा खांदा, म्हणजे रानजाईचा, मोडायला आला होता. मी तोंड उघडलं, पुरे आता म्हणायला, तर काकींनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "बोलू दे," त्या पुटपुटल्या. फोनपासून तोंड वळवून त्या धरणाकडं बघत होत्या आणि पदरानं नाक पुसत होत्या. मग मी बोलले नाही. असं माझ्या बाबतीत सहसा होत नाही.

"आई आहे का तिथं?" ऋषीनं मधेच विचारलं.

"हाय की," काकी म्हणाल्या. "माशाचं सांग पुढं."

सगळे बाहेर आल्यावर शाहनवाजचं लक्ष माझ्या नावाकडं गेलं. "रानजाई? ती कातळावरची? एकलवीर? अरे यार, तू ह्याच्यासाठी... म्हणजे ते सगळं घालवून आलीस?"

"फोन ठेव," मी म्हटलं आणि गेम बंद केला.

पण काकींनी ऐकलं होतं. त्यांनी फडकं सोडलं, नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी माझ्यापुढं ठेवली. "काय घालवलं गं?"

मी सांगितलं. कातळ, नाव, दोन वर्षं. सांगताना परत डोळे पुसावे लागले, चटणी तिखट आहे असं दाखवलं.

"आधी का न्हाई सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर सोडलं असतं का तुम्ही?"

काकींनी खरंच विचार केला. "न्हाई," त्या म्हणाल्या. "पन आनखी दोन भाकरी केल्या आस्त्या."

मला हसू फुटलं. राग तर आलाच होता, पण हसू आधी आलं. काकी मात्र गंभीर झाल्या होत्या. "म्हंजे आता तुझं देनं माझ्यावर फिरलं. तू दिलेलं एका दिवसाचं न्हाई. ऋषी धरील का तुझी ती शिळा?"

"ऋषी? तो उभा राहायच्या आधीच चपटा होईल."

"मग मी धरते. मला पन घे त्या गेमात."

मी 'नको, नको' म्हणेपर्यंत त्यांनी कमरेचा फोन काढला. ऋषीनं तोंड बघून बोलता यावं म्हणून घेऊन दिलेला. मी गेम उतरवून दिला. लढवय्यीला नाव काय देऊ विचारलं, तर म्हणाल्या, प्रयाग, दुसरं कशाला. मग गेमनं त्याचा तो पहिला प्रश्न विचारला.

"हे 'टोली' दाबा, काकी."

"आन ह्ये दुसरं काय?"

"ते अकेले. म्हणजे सगळं एकटीनं करायचं."

काकींचं बोट वरच्या वर थांबलं. त्या पडद्याकडं बघत राहिल्या. "एकटीनं," त्या म्हणाल्या. "लगीन झाल्यापासनं म्या एकटीनं काय केलंय गं? भाताची आवनी समद्यांसंगं. बांध समद्यांसंगं. रडले ती पन चार जनीत बसून."

आणि त्यांनी खडकावर नीट मांडी घालून 'अकेले' दाबलं.

"अहो काकी! मग माझं दार?"

"तुझं दार कुठं पळून चाललंय? यीन की टोळीत, मागनं." त्यांनी फोन दोन्ही हातांनी डोळ्यांजवळ धरला. पहिला नाग समोर आला होता.

"काकी, डावीकडं घ्या, ढाल वर..."

"नूतन," काकी मान वर न करता म्हणाल्या, "जरा तिकडं सरक बघू. मला कुनाची मदत नगं."

मी भाकरी उचलली आणि खडकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले.